हाड भरपूर, हिरडी मात्र पातळ

प्रश्न : माझे वय ५६ असून मी सांगली जिल्ह्यात राहते. खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ चार वर्षांपूर्वी काढावी लागली. आता तिथे इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रूसारखे कृत्रिम मूळ, बसवण्याचे ठरवले आहे. सीबीसीटी स्कॅनमध्ये (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेत) खालच्या जबड्यातून जाणाऱ्या नसेच्या वर १२ मिलिमीटर हाड आहे आणि रुंदीही पुरेशी आहे, असे कळले. तरीही आमचे डॉक्टर म्हणतात की त्या जागी हिरडी जेमतेम दीड मिलिमीटर जाड आहे, म्हणून इम्प्लांट बसवतानाच ती जाड करून घ्यावी. त्याचा खर्च वेगळा. दुसऱ्या एका डॉक्टरांनी ‘त्याची गरज नाही, मी इम्प्लांट थोडे खोल बसवीन’ असे सांगितले. हाड चांगले असताना हा हिरडीचा प्रश्न कुठून आला? माझ्या यजमानांनी सव्वा वर्षापूर्वी इम्प्लांट बसवून घेतले. त्याच्याभोवतीचे हाड एक मिलिमीटर खाली गेल्याचे परवाच्या एक्स-रेत दिसले; त्यांचीही हिरडी पातळच असेल का? जाता जाता आणखी एक : मला तरुणपणापासून सकाळी मिसरी लावायची सवय आहे. डॉक्टरांना ते सांगितलेले नाही.

उत्तर : तुम्हाला दोन डॉक्टरांनी दोन उलट गोष्टी सांगितल्या असे वाटते आहे, पण तुमचे पत्र नीट वाचले तर तसे झालेले दिसत नाही. हिरडी पातळ आहे हे दोघांनाही मान्य आहे, आणि ती तशीच ठेवून इम्प्लांट नेहमीच्या पातळीवर बसवू नये हेही दोघांना मान्य आहे. नाहीतर दुसऱ्या डॉक्टरांनी ‘खोल बसवीन’ असे म्हटलेच नसते. एकाच उणिवेवर दोघे वेगवेगळे उपाय सांगत आहेत. म्हणून आधी ती उणीव कोणती ते समजून घेऊ. मग तुमच्या जबड्यात कोणता उपाय बसतो ते ठरवणे सोपे जाईल.

नैसर्गिक दाताभोवतीची हिरडी दाताला नुसती टेकून उभी नसते. दाताच्या मुळावर सिमेंटम नावाचा पातळ थर असतो आणि हिरडीतले तंतू त्या थरात आडवे रुतलेले असतात. इम्प्लांट बहुधा टायटॅनियमचे असते. त्यावर सिमेंटम नसते, त्यामुळे तंतूंना रुतायला जागा मिळत नाही. ते इम्प्लांटला समांतर धावतात आणि सदऱ्याच्या मनगटपट्टीसारखे त्याला वेढून बसतात. शिवाय दात आणि हाड यांच्यामध्ये जो अस्थिबंध असतो, त्यातल्या रक्तवाहिन्यांमधून हिरडीला रक्त मिळते. इम्प्लांटभोवती तो अस्थिबंधच नसल्याने तेवढा रक्तपुरवठा कमी होतो. थोडक्यात, इम्प्लांटभोवतीची पट्टी दाताभोवतीच्या पट्टीपेक्षा नाजूक असते, आणि तोंडातील जंतूंपासून हाडाचे रक्षण करण्याचे काम मात्र तिलाच करावे लागते.

हे काम करण्यासाठी शरीराला ठरावीक उंचीची पट्टी लागते. दाताच्या बाबतीत ही उंची १९६१ साली गार्ग्युलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजली होती : दाताला चिकटलेला पेशींचा थर आणि त्याखालचे तंतू मिळून सरासरी सुमारे दोन मिलिमीटर. इम्प्लांटभोवती ती अधिक लागते. वरचा पेशींचा थर सुमारे दोन मिलिमीटर आणि त्याखालचे तंतू एक ते दीड मिलिमीटर, म्हणजे एकूण तीन मिलिमीटर किंवा त्याहून थोडी जास्त. आता तुमच्या दीड मिलिमीटर हिरडीत ही तीन मिलिमीटरची पट्टी मावणार कशी? हिरडी वरच्या बाजूला आपोआप फारशी वाढत नाही. मग शरीर खालच्या बाजूला जागा करते, आणि खालच्या बाजूला हाड आहे. हाडाची कड झिजते, पट्टीला हवी तेवढी उंची मिळते आणि बहुधा तिथेच ही झीज थांबते. हा आजार नाही, जंतुसंसर्गही नाही. शरीराने हाड देऊन हिरडी विकत घेतली, एवढाच त्याचा अर्थ.

हे अनुमान तपासून पाहिले गेले आहे. स्वीडनमधील बर्गलुंड आणि लिंडे यांनी बीगल जातीच्या कुत्र्यांवर केलेला प्रयोग १९९६ साली प्रसिद्ध झाला. इम्प्लांटवर कॅप पेलणारा जोडभाग बसवताना त्यांनी जबड्याच्या एका बाजूची हिरडी आतून मुद्दाम पातळ केली, दुसरी बाजू तशीच ठेवली. जखम भरताना पातळ केलेल्या बाजूला हाड झिजले, आणि अखेरीस दोन्ही बाजूंच्या पट्टीची उंची जवळजवळ सारखीच भरली. माणसांमध्ये हाच प्रश्न लिथुएनियातील टोमास लिंकेविचियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतला. त्यांच्या २००९ सालच्या अभ्यासात १९ रुग्णांना ४६ इम्प्लांट बसवलेली होती. हाडाच्या माथ्यावरची हिरडी दोन मिलिमीटर किंवा त्याहून कमी जाड असेल, तर पहिल्या वर्षात सुमारे दीड मिलिमीटरपर्यंत हाड कमी होऊ शकते, असा त्यांचा निष्कर्ष होता. विशेष म्हणजे काही इम्प्लांट हाडाच्या कडेपेक्षा दोन मिलिमीटर उंच ठेवूनही पातळ हिरडी असलेल्या ठिकाणी ही झीज टळली नाही. पुढे २०१५ सालच्या अभ्यासात त्याच गटाने पातळ हिरडी त्वचादान केलेल्या व्यक्तीच्या त्वचेपासून तयार केलेल्या पडद्याने जाड केली, तेव्हा त्या रुग्णांमधली झीज मुळातच जाड हिरडी असलेल्यांइतकी कमी राहिली. तुमच्या पहिल्या डॉक्टरांचा सल्ला या अभ्यासांवर उभा आहे. बिल फुगवण्यासाठी काढलेली ती पळवाट नव्हे, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

पण याची दुसरी बाजूही तुम्हाला माहीत असावी. या विषयावरचे बरेचसे काम मोजक्या संशोधकांनी केलेले आहे, बहुतेक अभ्यास एक-दोन वर्षांपुरते आहेत, आणि हाडाची मोजणी साध्या एक्स-रेवर झालेली आहे. साध्या एक्स-रेत इम्प्लांटच्या पुढचे व मागचे हाड दिसते. गालाकडचे आणि जिभेकडचे दिसत नाही. सगळे अभ्यास एकत्र करून घेतलेल्या आढाव्यांचे सूरही पूर्णपणे जुळत नाहीत : काहींना जाड हिरडीचा फायदा स्पष्ट दिसतो, काहींच्या मते पुरावा अपुरा आहे. शिवाय एक-दीड मिलिमीटर हाड झिजले म्हणून इम्प्लांट पडत नाही. पातळ हिरडीतली असंख्य इम्प्लांट वर्षानुवर्षे चावण्याचे काम करत आहेत. मग एवढी काळजी कशासाठी? इम्प्लांटचा पृष्ठभाग हाडाने धरावा म्हणून मुद्दाम खडबडीत केलेला असतो. हाड खाली गेले की तोच खडबडीत भाग हिरडीत उघडा पडतो आणि जंतूंना तिथे ठाण मांडणे सोपे जाते. आठ मिलिमीटर लांबीच्या इम्प्लांटचे दीड मिलिमीटर हाड जाणे म्हणजे काय, याचा हिशेब तुम्हीही करू शकाल. तुमच्या वयाला पुढची पंचवीस-तीस वर्षे हे इम्प्लांट सांभाळायचे आहे, म्हणून ही झीज टाळता येत असेल तर टाळावी, असे माझे मत आहे.

आता तुमच्या दीड मिलिमीटरकडे वळू. ‘हिरडी पातळ आहे’ हे एकच वाक्य दंतवैद्यकात तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरले जाते, आणि रुग्णांचाच काय, कधीकधी डॉक्टरांचाही त्यात गोंधळ होतो. पहिली गोष्ट म्हणजे गालाकडच्या बाजूची जाडी. हिरडीच्या कडेखाली सरकवलेली प्रोब (मोजमापाच्या खुणा असलेली बारीक सळई) बाहेरून झळकली तर ती हिरडी पातळ समजतात. पुढच्या दातांच्या दिसण्यासाठी आणि हिरडी खाली सरकण्याच्या दृष्टीने ही जाडी महत्त्वाची आहे. दुसरी गोष्ट जाडीची नाहीच, ती रुंदीची आहे : हाडाला घट्ट बांधलेल्या, न हलणाऱ्या हिरडीचा पट्टा किती रुंद आहे. हा पट्टा दोन मिलिमीटरहून कमी असेल तर ब्रश करताना दुखते आणि तिथे साफसफाई नीट होत नाही. तिसरी गोष्ट आपल्या प्रश्नातली, म्हणजे दात काढलेल्या जागी हाडाच्या माथ्यावर हिरडीची उभी जाडी किती आहे. हाडाच्या झिजेचा वर सांगितलेला संबंध या तिसऱ्या मापाशी आहे. तेव्हा तुमच्या डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारा तो हाच : दीड मिलिमीटर हे माप नेमके कुठले, आणि ते कसे घेतले?

नुसत्या सीबीसीटीवरून घेतले असेल तर थोडे सावध राहावे. स्कॅनच्या वेळी गाल आणि जीभ हिरडीला टेकलेली असतील, तर चित्रात हिरडी कुठे संपते ते कळत नाही. गालात कापसाची गुंडाळी ठेवून किंवा ओठ-गाल बाजूला धरून स्कॅन केले असेल तर ते दिसते. तोंडातल्या स्कॅनरने घेतलेले चित्र सीबीसीटीवर बसवले तरी माप चांगले मिळते. भूल दिल्यावर रबरी खूण लावलेली बारीक सुई हिरडीतून हाडापर्यंत टोचून मोजण्याची जुनी पद्धतही विश्वासार्ह आहे. पण सर्वांत खरे माप शस्त्रक्रियेच्या टेबलावर मिळते. हाडाच्या माथ्यावर छेद घेऊन फक्त गालाकडची हिरडी उचलायची, जिभेकडची तशीच ठेवायची आणि तिची उभी जाडी प्रोबने मोजायची, याला अर्धे मिनिट लागते. आणि त्याच क्षणी, इम्प्लांटसाठी हाडात छिद्र पाडण्याआधी, कोणता उपाय करायचा ते ठरवता येते. म्हणून दोन्ही उपायांची तयारी ठेवून अंतिम निर्णय त्या वेळी घेणारे डॉक्टर मला अधिक पसंत आहेत.

खोल बसवण्याच्या उपायाचा हिशेब तुमच्या आकड्यांवरच करून पाहू. तीन मिलिमीटर पट्टी हवी, हिरडी दीड मिलिमीटर आहे, म्हणजे इम्प्लांट हाडाच्या कडेखाली आणखी दीड मिलिमीटर जायला हवे. नसेच्या वर हाड १२ मिलिमीटर आहे. त्यातले दोन मिलिमीटर नसेच्या सुरक्षिततेसाठी सोडायचे, दीड खोलीसाठी सोडायचे, उरतात साडेआठ. यात आठ मिलिमीटर लांबीचे इम्प्लांट बसते. हाडाची रुंदी आणि कठीणपणा चांगला असेल तर खालच्या दाढेसाठी ही लांबी स्वीकारार्ह आहे. म्हणजे तुमच्या बाबतीत दुसऱ्या डॉक्टरांचा उपाय शक्य आहे, मात्र त्यात चुकायला फार वाव उरत नाही. १२ मिलिमीटर हा आकडा स्कॅनच्या नेमक्या त्याच छेदावर मोजलेला आहे ना, हे खात्री करून घेण्याजोगे आहे. हेच हाड साडेनऊ मिलिमीटर असते, तर मी हा पर्याय सुचवला नसता.

दुसरी अट इम्प्लांटच्या रचनेची आहे, आणि तिच्याबद्दल रुग्णाला सहसा कोणी सांगत नाही. इम्प्लांट आणि त्यावरचा जोडभाग, म्हणजे ॲबटमेंट, यांच्या सांध्यात सूक्ष्म फट असते आणि तिथे जंतू राहतात. सपाटावर सपाट टेकणारा सांधा हाडाखाली नेऊन ठेवला तर ही फटही हाडात जाते आणि हाड तिच्यापासून दूर सरकते. खोल बसवण्याचा हेतूच फसतो. आत शंकूसारखा घट्ट बसणारा सांधा हवा आणि जोडभागाचा व्यास इम्प्लांटच्या माथ्यापेक्षा कमी हवा. तसेच ज्या इम्प्लांटची मान गुळगुळीत घासलेली असते ती मान हाडात पुरू नये, कारण गुळगुळीत टायटॅनियमभोवती हाड टिकत नाही. खोल बसवलेल्या इम्प्लांटवर जोडभाग उंच हवा, आणि वरची कॅप सिमेंटने चिकटवण्यापेक्षा स्क्रूने बसवलेली बरी, कारण हिरडीखाली खोलवर उरलेले सिमेंट निघत नाही आणि त्याने सूज येते. ‘खोल बसवीन’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना सांधा कसा आहे आणि कॅप स्क्रूची आहे का, हे दोन प्रश्न जरूर विचारा.

हिरडी जाड करण्याच्या उपायात टाळूवरून ऊतीचा पातळ तुकडा घेऊन तो इम्प्लांटवर, हिरडीच्या आत शिवतात. स्वतःचीच ऊती असल्याने परिणाम सर्वांत भरवशाचा, पण तोंडात दुसरी जखम होते, आणि आठ-दहा दिवस तिखट, गरम व कडक खाणे जमत नाही. ही जखम टाळायची तर तयार पडदे वापरतात. ते मानवी दात्याच्या त्वचेपासून किंवा जनावरांच्या कोलॅजेनपासून केलेले असतात, आणि जनावर म्हणजे बहुधा डुक्कर किंवा गाय-बैल. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण धार्मिक किंवा आहाराच्या कारणाने ज्यांना हे चालणार नाही अशा रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर पाकिटावर वाचून कळणे बरे नव्हे. टाके घालण्याआधी इम्प्लांटवर दोन मिलिमीटर उंचीची टोपी ठेवून हिरडी तिच्यावर तंबूसारखी ताणण्याची एक युक्तीही आहे. खर्च कमी, पण हिरडी सैल करावी लागते आणि टाके उसवण्याचा धोका असतो. कोणत्याही ग्राफ्टचा, म्हणजे असा तुकडा किंवा पडदा जोडून केलेल्या भरीचा, काही भाग पुढच्या महिन्यांत आक्रसतो, म्हणून डॉक्टर सुरुवातीला थोडा जास्तच जाड ठेवतात. तेव्हा घाबरू नये.

या दोहोंमध्ये मला विचाराल तर : हाड १२ मिलिमीटर असल्याची खात्री असेल, सांधा शंकूचा असेल आणि गालाकडच्या घट्ट हिरडीचा पट्टा दोन मिलिमीटरहून रुंद असेल, तर खोल बसवण्याचा साधा उपाय मी आधी पाहीन. मागची दाढ आहे, दिसण्याचा प्रश्न नाही, आणि एक शस्त्रक्रिया कमी होते. पट्टाही अरुंद असेल तर मात्र खोल बसवून ती उणीव भरून निघत नाही. तिथे ग्राफ्टच हवा, आणि पहिल्या डॉक्टरांच्या मनात कदाचित हेच असेल. दोघांकडून त्यांच्या योजनेत इम्प्लांटची लांबी, खोली आणि पट्ट्याची रुंदी लिहून घ्या; एका कागदावर तुलना केली की मतभेद बराचसा विरघळेल.

तुमच्या यजमानांच्या इम्प्लांटबद्दल. १९८६ साली आल्ब्रेक्टसन आणि सहकाऱ्यांनी यशस्वी इम्प्लांटचे जे निकष मांडले, त्यांत पहिल्या वर्षानंतर दरवर्षी ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी झीज चालते असे धरले होते. पहिल्या वर्षातली झीज त्यांनी वेगळी ठेवली होती. सव्वा वर्षात एक मिलिमीटर ही झीज पातळ हिरडीमुळे असू शकते, पण आज मागे जाऊन ते सिद्ध करता येणार नाही, आणि आता हिरडी जाड केली म्हणून गेलेले हाड परत येत नाही. पाहायचे ते हे, की झीज थांबली आहे की चालू आहे. त्यासाठी कॅप बसवल्या दिवशीचा एक्स-रे मिळवा आणि आजच्याशी ताडून पाहायला सांगा. दोन्ही एक्स-रेत इम्प्लांटचे आटे स्वच्छ, वेगवेगळे दिसत असतील तरच तुलना खरी, आणि इम्प्लांटची लांबी ठाऊक असल्याने तीच मोजपट्टी म्हणून वापरता येते. प्रोब लावल्यावर रक्त किंवा पू येत नसेल, तर सहा महिन्यांनी तपासणी आणि वर्षाने पुन्हा एक्स-रे, एवढे सध्या पुरे. रक्त येत असेल, तर हिरडीची जाडी बाजूला ठेवून आधी उरलेले सिमेंट, ढिला स्क्रू, साचलेले किटण आणि त्यांची साखर तपासून घ्यावी.

आता मिसरी. तुम्ही ती डॉक्टरांपासून लपवली नसेल, सांगण्यासारखी वाटली नसेल. आपल्याकडे अनेक स्त्रियांना मिसरी म्हणजे तंबाखू असे वाटतच नाही. पण ती भाजून दळलेली तंबाखूच आहे, आणि ती तुम्ही रोज नेमकी त्याच हिरडीवर चोळता जिच्या जाडीवरून हा सारा पत्रव्यवहार चालू आहे. ग्राफ्टचा तुकडा पहिल्या दिवसांत आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांवर जगतो आणि निकोटीन त्याच वाहिन्या आकुंचित करते. धूम्रपान करणाऱ्यांसाठी इम्प्लांटच्या एक आठवडा आधी आणि आठ आठवडे नंतर तंबाखू पूर्ण बंद ठेवण्याचा नियम १९९०च्या दशकात सुचवला गेला. तुम्ही निदान तेवढा पाळावा, आणि टाके असताना ब्रशशिवाय काय करावे याची चिंता करू नये, डॉक्टर चूळ भरण्याचे औषध देतील. त्याहून महत्त्वाचे असे, की पुढच्या भेटीत तोंड पूर्ण उघडून गालाची आतली बाजू आणि मिसरी लागते ती हिरडी उजेडात दाखवा. तिथे पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तर त्याची तपासणी आधी होईल आणि इम्प्लांटची तारीख त्यानंतर ठरेल.